भस्म लावलेली बटणं

आमच्या घरात शेगडी खाली होती. अगदी फरशीवर नाही, वीतभर उंचीचा शहाबादी दगड होता, त्यावर. औरादमध्ये आता घरोघरी ओटा आहे. आमच्याकडेही होता, चांगला काळ्या ग्रॅनाइटचा, नवऱ्यानं घर बांधताना हौसेनं घातलेला. पण त्यावर मिक्सर, पाण्याची कळशी आणि माझ्या शाळेच्या वह्यांचे गठ्ठे असायचे. शेगडी खाली, कारण सासूबाईंना उभ्यानं भाकरी थापता येत नाही. एक गुडघा उभा, एक मोडलेला, समोर काटवट, डाव्या हाताला शेगडी, अशी त्यांची बैठक. त्या बैठकीतून त्यांनी दोन मुली, एक मुलगा आणि पुढं मला खाऊ घातलं. ओट्याकडे त्या पाहुण्यासारखं बघायच्या.

घरात त्यांना सगळे अव्वा म्हणतात, गल्लीही म्हणते, मीही म्हणते. आमचं घर लिंगायत, शरणांना मानणारं. घरात मराठी, देवापुढं कन्नड, आणि बाजारात समोरचा जे बोलेल ते. माझं माहेर खटकचिंचोळीचं, त्यामुळे मला यातलं काही नवीन नव्हतं. नवीन होती ती एकच गोष्ट, शेगडीची पूजा. माहेरी चुलीला भस्म लावायचे, पण चूल गेली तसं तेही गेलं. अव्वांनी ते सोडलं नव्हतं. सकाळी आंघोळ, इष्टलिंगाची पूजा, मग ओल्या फडक्यानं शेगडी पुसायची, तिच्या पुढच्या पत्र्यावर भस्माची तीन बोटं ओढायची, हात जोडायचे आणि मगच गॅस पेटवायचा. भस्म न लावता केलेला चहा त्या पीत नसत. माझी शाळेची वेळ, चहाची घाई, आणि यांचं फडकं सावकाश फिरतंय. लग्नानंतर दोन वर्षं मी मनातल्या मनात कटकट केली. मग सवय झाली.

माझी मुलगी बसायला लागली तशी अव्वांच्या मांडीवरून ही पूजा बघायला लागली. दीड वर्षाची झाली तेव्हा तिची तीन बोटं भस्मात बुडवून अव्वा पत्र्यावर ओढवून घ्यायच्या. पोरीचा हात लहान. तीन रेघा कसल्या, नुसता पांढरा फराटा उठायचा. पुढं अव्वांना सुचलं की दोन्ही बटणांना एक एक टिकली लावायची. पोरीच्या बोटाला ते बरं जमायचं. बटण गोल, टिकली गोल. दोन वर्षांची झाली तेव्हा आणखी पुढची पायरी आली. पोरीचा हात बटणावर, त्यावर अव्वांचा हात. आधी आत दाबायचं, मग फिरवायचं. दुसऱ्या हातात अव्वांनी काडी पेटवून धरलेली. भप्पकन निळा जाळ यायचा आणि पोरगी टाळ्या वाजवायची.

"लेकीच्या हातानं चूल पेटली की घराला बरकत असती," अव्वा म्हणायच्या.

आता कुणी विचारेल, बाई, तू शाळेत शिकवतेस, तुला तेव्हा काही वाटलं नाही? नाही वाटलं. वाटलं असतं तर सांगितलं असतं. उलट मीच त्याचा व्हिडिओ काढला आणि माहेरच्या ग्रुपवर टाकला. कपाळाला भस्म लावलेली एवढीशी पोरगी शेगडीला "शरण, शरण" म्हणतेय, बटण दाबून फिरवतेय. वीस जणांनी हात जोडलेले पाठवले. माझ्या चुलत्यांनी लिहिलं, संस्कार म्हणतात ते हे. मी दिवसभर तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत होते. बटण आत दाबल्याशिवाय फिरत नाही ते कशासाठी, हे मला ठाऊक होतं. लहान मुलांना ते जमू नये म्हणूनच. आणि आम्ही दोघी मोठ्या बायका मिळून रोज सकाळी पोरीला तेच शिकवत होतो.

तो शनिवार होता. शाळा सकाळची. साडेअकराच्या सुमारास मी घरी आले, गाडी लावली, दार लोटलं आणि उंबऱ्यातच वास आला. गॅसचा वास कुणाला ओळखायला शिकवावा लागत नाही. चपला न काढताच आत धावले.

स्वयंपाकघरात अव्वा भिंतीला टेकून बसल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात मेथी, निवांत निवडत होत्या. त्यांच्यापासून चार हातांवर माझी पोरगी शेगडीपुढं मांडी घालून बसलेली. भस्माची वाटी पालथी, तिचं कपाळ, गाल, फ्रॉक, सगळं पांढरं. शेगडीच्या दोन्ही बटणांना गच्च भस्म थापलेलं आणि दोन्ही बटणं पूर्ण फिरवलेली. सूं असा आवाज येत होता.

"चूल बोलायलीय," पोरगी मला म्हणाली.

"सकाळधरनं पूजाच चाललीय तिची," अव्वा हसत म्हणाल्या. "आलीस व्हय? बस. चहा टाकते." आणि त्यांचा हात गुडघ्याजवळच्या काडेपेटीकडे गेला.

मी ती काडेपेटी त्यांच्या हातातून हिसकून घेतली. हिसकून हाच शब्द बरोबर आहे. मग पोरीला काखेत मारलं, अव्वांना दंडाला धरून उठवलं, दोघींना अंगणात नेलं. परत आत येऊन दोन्ही बटणं बंद केली, रेग्युलेटर बंद केला, मागचं दार उघडलं, खिडक्या उघडल्या. पंख्याच्या बटणाकडे हात गेला होता, तो मागं घेतला. विजेचं बटण दाबायचं नसतं एवढं त्या क्षणीही आठवलं, कसं कोण जाणे. मग मी अंगणात आले. पायरीवर बसले. पोरगी धडधाकट होती, कुंडीतली माती उकरत होती. मी दहा मिनिटं उशिरा आले असते तर काय झालं असतं हे मी तेव्हापासून मोजत बसलेय. अजूनही कधी कधी मोजते.

भीती ओसरली की मला राग येतो. हा माझा जुना रोग आहे, नवऱ्याला विचारा. मी अव्वांवर तोंड सोडलं. गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"तुमचं ध्यान कुठं होतं? पोरगी समोर बसून गॅस सोडायलीय आन् तुमी मेथी निवडायलाव? घरभर वास सुटलाय, तुमाला येत न्हाई का?"

"न्हाई आला," अव्वा म्हणाल्या. बस्स, एवढंच. मान खाली, लुगड्याच्या पदराला चिकटलेलं मेथीचं पान त्या काढत होत्या.

मला वाटलं, चूक कबूल करायची सोडून या मला उलट उत्तर देताहेत. एवढा वास, आणि म्हणे आला नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पुढं मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. त्यातलं एक मात्र लिहायला हवं, कारण ते मलाच टोचतं. मी म्हणाले, "पोटच्या लेकीचं लेकरू असतं तर असं बसला असतात का?" अव्वांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि परत खाली घातली.

सोमवारी सकाळी गॅसवाला आला. सिलेंडर आणून देतो तोच दुरुस्तीही करतो. चुणचुणीत माणूस, दखनी बोलतो. त्यानं नळी तपासली, साबणाचं पाणी लावून बघितलं, आणि मग शेगडीकडे बघून कपाळाला हात लावला.

"अम्मा, चूल नीचे नक्को," तो अव्वांना म्हणाला. "सिलेंडर से ऊपर होना. गॅस उडता नै, नीचे बैठता. बच्ची कहाँ बैठती? नीचेच ना?"

मग त्यानं बटण चिमटीत धरून ओढलं आणि ते सरळ निघून हातात आलं. आत नुसती लोखंडी दांडी राहिली. इतकी वर्षं शेगडी पुसली, पण बटणं निघतात हे आम्हाला दोघींनाही माहीत नव्हतं. "काम हुआ के बटन निकालो, ऊपर रख दो, बच्चे का हात नै पहुँचना," तो म्हणाला. "और रेग्युलेटर बंद. हर बार."

त्यानं वर ठेवा म्हणून सांगितलं होतं. मी पर्समध्ये ठेवली.

म्हणजे मंगळवारी पहाटे उठून मी सगळा स्वयंपाक केला, दोन्ही बटणं ओढून काढली, रुमालात बांधली, पर्समध्ये टाकली आणि शाळेला निघाले. अव्वा दारात उभ्या होत्या. त्यांनी बघितलं. मी म्हणाले, "डब्यात भाकरी हाय, वरण हाय. दूध थंडच द्या तिला." त्यांनी मान हलवली. शाळेत पेन काढायला पर्स उघडली की बटणं एकमेकांवर आपटून वाजायची. सोबतच्या बाईंनी विचारलं, हे काय? मी ऐटीत सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं केलंस, म्हाताऱ्या माणसांचा काय भरवसा. मला ते ऐकून बरं वाटलं. माणूस आपल्या बाजूचं ऐकायला किती आतुर असतं.

ज्या बाईनं चाळीस वर्षं त्या घराला गरम जेवण दिलं, ती तीन दिवस सकाळचं गार वरण खात होती. दुपारचा चहा बंद. संध्याकाळी मी घरी येऊन बटणं लावायची, तेव्हा चहा. अव्वांनी एकदाही मागितला नाही. नवऱ्यानं एकदा विषय काढला, "अगं, थोडं जास्त होतंय का?" मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. ते आपल्या बी-बियाण्याच्या दुकानाकडे निघून गेले. या घरात मूग गिळून बसायला सगळ्यांनाच छान जमतं, मी सोडून.

गुरुवारी शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशी शेजारच्या अक्कांनी गाडी थांबवली.

"सिलेंडर आला का गं?" त्यांनी विचारलं.

"कामून? संपला कुठं हाय?"

"अव्वा तर म्हनल्या संपलाय म्हनून. चिटगुप्प्याचा भाऊ आलता त्यांचा. माझ्याकडनं चहा करून नेला बिचाऱ्यांनी, तांब्यात घालून. पोरीला बी कडेवर घेतलं होतं. म्या म्हनलं, मी आणून देते की, तर न्हाई म्हनल्या."

अव्वांचा धाकटा भाऊ वर्षातून दोनदा येतो. तो आला की अव्वा आधी सुशीला करायच्या, चुरमुऱ्यांचा, वर भरपूर शेंगदाण्याचं कूट. मग चहा, मग तो नको नको म्हणत असताना पुन्हा चहा. त्या दिवशी त्याच्यापुढं त्यांनी शेजारचा चहा ठेवला. "सुनेनं बटणं काढून नेलीत" असं एक वाक्य त्या बोलल्या असत्या तर मी माझ्या सासरच्या सगळ्या गावांत गाजले असते. त्या म्हणाल्या, गॅस संपलाय. मला लाज वाटली. घरात शिरायची लाज वाटली, खरं सांगते.

आत आले तेव्हा त्या पोरीला झोपवत होत्या. मी पर्समधून बटणं काढली आणि त्यांच्या हातात दिली. "चहा करा," मी म्हणाले. "मला बी पाहिजे." त्या उठल्या, फडकं ओलं करून शेगडी पुसली, भस्म लावलं, हात जोडले. खरं तर ते सकाळचं काम. पण तीन दिवस सकाळी शेगडी त्यांच्या हातात नव्हती. मी मात्र माफी मागितली नाही. ती माझ्या जिभेवर येऊन परत गेली. चहा झाल्यावर मी बटणं काढून उंच खिळ्याला अडकवलेल्या पिशवीत टाकली, आणि त्यांना दाखवून टाकली.

रविवारी शेगडी ओट्यावर चढली. नवऱ्यानं सुताराकडून स्वयंपाकघराच्या दाराला मांडीएवढ्या उंचीची फळी बसवून घेतली, म्हणजे पोरगी बाहेरच राहील. अव्वांसाठी उंच स्टूल आणलं. पहिल्या दिवशी त्या स्टुलावर बसून भाकरी थापायला गेल्या. ओट्याची उंची त्यांच्या हाताला वेगळी पडायची, भाकरी एका बाजूला जाड व्हायची, तव्यावर टाकताना मोडायची. पहिल्या सहा भाकरींतल्या चार मोडल्या. मी म्हणाले, असू द्या, कुस्करूनच खातो आपण. त्या म्हणाल्या, "हात मेला बसूनच शिकलाय." पण त्यांनी सोडलं नाही. आठवड्याभरात भाकरी गोल यायला लागली. सकाळची पूजाही ओट्यावर गेली. पोरगी फळीपलीकडून "शरण" म्हणायची. बटणं मात्र आता पूजा झाल्यावर लागायची आणि ती अव्वाच लावायच्या. पहिले दोन दिवस पोरगी त्यासाठी रडली, मग फळीवर चढायचा खेळ सापडला तेव्हा विसरली.

मला वाटलं, झालं, संपलं प्रकरण.

त्यानंतर एका सुट्टीच्या दिवशी मी मधल्या खोलीत वह्या तपासत बसले होते. स्वयंपाकघरात अव्वा वांग्याची भाजी करत होत्या. फळीपाशी पोरगी उभी. अव्वांचा आवाज आला, "माय, नाक वर कर बगू. करपायलंय का?"

पोरगी नाक वर करून जोरात हुंगली. "न्हाई," म्हणाली.

मला हसू आलं. आजी-नातीचा खेळ. थोड्या वेळानं परत, "आता बग." "न्हाई." मी चौथीची शुद्धलेखनाची वही उघडली. परत, "आता?" आणि पोरगी म्हणाली, "व्हय." त्याच क्षणी गॅस बंद केल्याचा टक् आवाज आला. मलाही वास आला होता, कांदा नुकता लागायला लागल्याचा. पण मला आला तेव्हा अव्वा कढईवर वाकलेल्या होत्या. त्यांच्या नाकाखाली कढई होती, आणि त्या पोरीला विचारत होत्या.

मी लाल पेन बाजूला ठेवलं. मला एकेक गोष्ट आठवायला लागली. दूध उतू जायला आलं की अव्वा पोरीला हाक मारायच्या. फोडणी घालताना पोरगी त्यांना जवळच लागायची. "असू दे की माझ्यापाशी," म्हणायच्या. मी समजायचे, माया. ती मायाही होती. पण पोरीला त्या शेगडीपाशी ठेवत होत्या, कारण तिच्या नाकावर त्यांचा स्वयंपाक चालला होता.

मी फळी ओलांडून आत गेले. "अव्वा, तुमाला वास येत न्हाई?"

त्यांनी कढईवर झाकण ठेवलं. बराच वेळ ते झाकण सरळ करत राहिल्या.

"साथीच्या साली ताप आलता बग," त्या म्हणाल्या. "तवाधरनं. समद्यांचा गेलता, समद्यांचा परत आला. माझा न्हाई आला. म्हनलं, यील आज ना उद्या."

"आन् कुनाला सांगितलं न्हाई?"

"काय सांगू? चूल सांभाळनाऱ्या बाईला वास येत न्हाई म्हनून सांगू?"

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता, नुसतं विचारत होत्या. "तुला पहिल्याच दिशी सांगितलं असतं, तर पोरगी माझ्यापाशी ठेवून शाळेला गेली असतीस का? खरं सांग."

मी शिक्षिका आहे, मला उत्तरं देता येतात. पण खरं उत्तर असं होतं, की मी ठेवली नसती. पोरीला सोडलं नसतं आणि स्वयंपाकघरही काढून घेतलं असतं. नुसता संशय आला तर मी बटणं पर्समध्ये घालून नेली, खात्री असती तर काय केलं असतं. त्यांना माझी भीती वाटत होती आणि ती बरोबर होती. माझ्या भीतीनं त्या गप्प बसल्या. त्या गप्प बसण्यात माझी पोरगी जळून गेली असती. राग कुणावर काढायचा, तेच मला कळेना. मी त्यांच्या शेजारी ओट्याला टेकून उभी राहिले.

"त्या शनवारी लई बोलले मी," मी म्हणाले. "चुकलं माझं."

"बोललीस ते बराबर होतं. लेकराच्या जिवाचं होतं." त्यांनी झाकण काढून भाजी हलवली. "लेकीचं म्हनलीस तेवढं नको होतं."

"व्हय," मी म्हणाले.

त्यानंतर आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. खरं तर मी ठरवत होते आणि त्या त्यात दुरुस्त्या करत होत्या. काम झालं की बटणं पिशवीत, रेग्युलेटर बंद. पोरगी फळीच्या आत येणार नाही, काहीही झालं तरी, नाक लागलं तरी. फोडणीचं काम मी सकाळी करून जाणार. दुपारी त्यांनी फक्त दूध तापवायचं, भात गरम करायचा, चहा करायचा, आणि गॅस चालू असेपर्यंत तिथून हलायचं नाही. "आन् काही शंका आली तर पोरीला घेऊन बाहीर, मग मला फोन," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. फोनचं मी आपलं बोलायचं म्हणून बोलले होते. अव्वा आलेला फोन उचलतात, स्वतः कधी लावत नाहीत. बाहेर मात्र कुणाला काही सांगू नको, एवढं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं. भावाला नाही, मुलींना नाही, गल्लीत तर मुळीच नाही. मी नवऱ्याला सांगितलं, आणि त्यांनाही बजावलं.

पोरीला शाळेत माझ्याबरोबर न्यावं, की तिच्या मावशीकडे उदगीरला ठेवावं, की अव्वांकडेच राहू द्यावं, याचा विचार माझ्या डोक्यातून गेला नव्हता. मी तिला रोज अव्वांकडे ठेवत होते आणि रोज अकरा वाजता माझा जीव खालीवर व्हायचा. फळ्यावर बेरीज लिहिता लिहिता मी थांबायचे. मुलं म्हणायची, बाई, पुढं. सगळी बटणं काढून पिशवीत टाकली तरी मनातलं काही निघत नव्हतं. पुढच्या महिन्यापासून उदगीरलाच ठेवायचं, असं मी जवळजवळ पक्कं केलं होतं. बहिणीशी बोलूनही ठेवलं होतं. अव्वांना सांगायचं तेवढं राहिलं होतं.

त्या दिवशी मधली सुट्टी व्हायला आली होती. फोन वाजला. पडद्यावर अव्वांचा फोटो. मी खडू टाकून फोन उचलला.

"मी बोलायले," अव्वा म्हणाल्या. आवाज शांत होता. "दूध उतू गेलं. जाळ विझला. मी पोरीकडं बगत होते, ती फळीवर चढायलीती. किती येळ गॅस सुटला त्ये मला कळंना. बटन बंद केलंय, रेग्युलेटर बंद केलाय. दारं उघडलीत. पोरगी माझ्या कडंवर हाय, आमी रस्त्यावर हाव. तू येऊन वास बग."

मी मुख्याध्यापकांना कसंबसं सांगितलं आणि गाडी काढली. शाळा ते घर सहा मिनिटं. गल्लीत वळले तेव्हा आमच्या घरासमोर चार-पाच बायका जमल्या होत्या. शेजारच्या अक्का होत्या, पलीकडच्या किराणावाल्याची बायको होती. मधे अव्वा, उन्हात, कडेवर पोरगी. घराची पुढची आणि मागची दोन्ही दारं सताड उघडी, आरपार दिसत होतं.

किराणावाल्याची बायको विचारत होती, "मग आत जाऊन हुंगून बगायचं की अव्वा. सुनेला शाळंतनं कामून बलावलं?"

"मला वास येत न्हाई," अव्वा म्हणाल्या. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "साथीच्या सालापास्नं येत न्हाई. म्हनून तिला बलावलं."

अक्कांनी तोंडाला पदर लावला. मी गाडी स्टँडला लावली आणि कुणाकडे न बघता आत गेले. स्वयंपाकघरात जळक्या दुधाचा वास होता, दुसरा कसलाही नव्हता. ओट्यावर दूध पसरलेलं. शेगडीला बटणं नव्हती, ती पिशवीत होती, खिळ्याला. मी रेग्युलेटर हातानं चाचपला. बंद होता. मी खाली वाकून फरशीपाशी हुंगलं, कोपऱ्यात हुंगलं, सिलेंडरमागं हुंगलं. मग तिथंच उभी राहून थोडी रडले. तोंड धुतलं आणि बाहेर आले.

"गॅसचा न्हाई," मी अव्वांना म्हणाले. "नुसतं दूध करपलंय."

"बगितलंस नीट?"

"नीट बगितलं."

अव्वांनी पोरीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "मग जा तू," त्या म्हणाल्या. "पोरं वाट बगत असतील."

मी पोरीकडे बघितलं. ती अव्वांच्या गळ्यातल्या लिंगाच्या दोऱ्याशी खेळत होती. मी तिला घ्यायला हात पुढं केला नाही. गाडी चालू केली आणि शाळेला गेले. मधल्या सुट्टीत बहिणीला फोन लावून सांगितलं, पोरगी कुठंही येणार नाही, ती अव्वांपाशीच राहील.